बाबतपूर : काशीयात्रेचा आकाशमार्ग

एकोणिसाव्या शतकात काशी उंचावरून पाहायची तर पंचगंगा घाटावर यावे लागे. आलमगीर मशिदीचे दोन मिनार नगरात सर्वांत उंच होते आणि सारी काशी त्यांना ‘माधवरावाचा धरहरा’ म्हणत असे. टाकसाळीचा अधिकारी म्हणून आलेल्या जेम्स प्रिन्सेपने १८२०च्या दशकात त्यांची डागडुजी करवली. पुढे कित्येक पाहुणे आतल्या अरुंद जिन्याने वर चढले आणि उत्तरेकडे वळणारी गंगेची चंद्रकोर व खाली दाटलेल्या गच्च्या डोळ्यांत साठवून गेले. १९४८ साली त्यांतला एक मिनार कोसळला, दुसरा धोका नको म्हणून उतरवला गेला. वरून काशी पाहण्याची ती जागा गेली. आता तो योग विमानाच्या खिडकीपाशी बसणाऱ्याला येतो.

आपल्या घाटावरच्या मराठी वस्तीच्या स्मरणिकेत विमानतळाचे काय काम, असे कुणी विचारील. बिंदुमाधवाचे देऊळ, औंधच्या पंतप्रतिनिधींनी केलेली त्याची उभारणी, अहिल्याबाईंच्या नावाने सांगितला जाणारा हजारा दीपस्तंभ, श्रीमठ, त्रैलंग स्वामींची जागा, हे विषय आपल्याला जवळचे आहेत. पण या वस्तीत पाहुणा कोणत्या वाटेने येतो, हाही वस्तीच्या इतिहासाचा भाग आहे. नारायण दीक्षित पाटणकरांनी अठराव्या शतकात ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट बांधले ते देशावरून आणि कोकणातून येणाऱ्या माणसांना उतरायला, स्नान-संध्या करायला जागा असावी म्हणून. आज त्याच गावांतली, पुष्कळदा त्याच घराण्यांतली माणसे बाबतपूरला उतरतात आणि तिथून आपल्या गल्लीत येतात. म्हणून या विमानतळाची हकीकत आपल्या दप्तरात हवी, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक कारण आहे, आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे. देशातले बहुतेक मोठे विमानतळ राजधानीमुळे, व्यापारामुळे किंवा लष्करी तळामुळे वाढले. काशीचा विमानतळ यात्रेने वाढवला. तीर्थाला येणारा हिंदू, सारनाथला येणारा बौद्ध आणि घाट पाहायला येणारा परदेशी प्रवासी हे तिघे नसते, तर बाबतपूरला आज जे काही उभे आहे त्यातले थोडेच उभे राहिले असते.

जुनी यात्रा कशी होती, ते आधी थोडक्यात आठवू. पैठणच्या घराण्यातले नारायणभट्ट सोळाव्या शतकात काशीत राहून ‘त्रिस्थलीसेतु’ लिहितात, तेव्हा प्रयाग, काशी आणि गया ही तीन स्थळे एका यात्रेत बांधलेली आहेत. महाराष्ट्रातून निघालेला माणूस घरच्यांचा निरोप घेऊन निघे तो परत येईलच याची खात्री नसे. परतला की मावंदे घातले जाई. गंगेचा गडू देवघरात बसे, त्याची पूजा होई, गावजेवण होई. रेल्वे आली, १८८७ साली राजघाटाजवळचा गंगेवरचा पूल खुला झाला आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. ‘महानगरी’सारख्या गाडीने तर मुंबईकराला काशी एका तिकिटावर आणून दिली. मावंदे मात्र चालूच राहिले. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण विमान आल्यावरही ते थांबलेले नाही.

विमानाची पहिली हकीकत त्रिस्थळीतल्या पहिल्या स्थळी, प्रयागला घडली. १९१०-११ च्या हिवाळ्यात अलाहाबादला संयुक्त प्रांताचे मोठे औद्योगिक आणि शेतकी प्रदर्शन भरले होते. कॅप्टन वॉल्टर विंडहॅम या इंग्रज गृहस्थाने तिथे विमाने आणली होती. एका वसतिगृहाच्या मदतीसाठी पैसा उभा करायचा होता आणि त्यातून विमानाने टपाल नेण्याची कल्पना निघाली. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके हा तेवीस वर्षांचा फ्रेंच वैमानिक हंबर कंपनीच्या दुपंखी विमानात सुमारे ६,५०० पत्रे घेऊन बसला, यमुना ओलांडून नैनीला उतरला आणि पिशवी तिथल्या टपाल कर्मचाऱ्यांच्या हाती दिली. अंतर जेमतेम दहा किलोमीटर, वेळ सुमारे तेरा मिनिटे. जगातली ही पहिली अधिकृत विमानटपाल फेरी. त्या पत्रांवर विमानाचे चित्र असलेला खास शिक्का मारला होता. टपाल तिकिटांचे संग्राहक आजही तो शिक्का शोधत फिरतात. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनजवळच्या हेंडनहून विंडसरला विमानाने टपाल गेले त्यामागेही विंडहॅमच होता. म्हणजे इंग्लंडने जे सप्टेंबरात केले, ते संगमावर फेब्रुवारीतच होऊन गेले होते. काशीहून सव्वाशे किलोमीटरवर घडलेल्या या गोष्टीचा उल्लेख आपल्याकडे क्वचितच होतो. शाळेच्या पुस्तकात तिला नीट जागा मिळायला हवी.

त्यानंतर बरीच वर्षे या भागात विशेष काही घडले नाही. घडले ते १९३०च्या दशकात, आणि तेही प्रयागलाच. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले, तेव्हा पश्चिम आणि दक्षिण भारताची हवाई वाट आखली गेली. उत्तरेची वाट इंपीरियल एअरवेजने आणि तिच्याशी जोडलेल्या भारतीय कंपनीने १९३३ साली कलकत्त्यापर्यंत नेली. कराची, जोधपूर, दिल्ली, कानपूर, अलाहाबाद, कलकत्ता असे तिचे थांबे. डच के. एल. एम.ची जावाला जाणारी विमानेही अलाहाबादला उतरत. अलाहाबादबाहेरचे बमरौली हे नाव त्या काळात लंडन, ॲमस्टरडॅम, बटाव्हिया इथल्या वेळापत्रकांत छापलेले असे. काशी त्या वाटेजवळ होती, पण थांबा नव्हती. गंगेच्या मैदानात दिवसाउजेडी, छोट्या टप्प्यांनी उडणाऱ्या विमानांना इंधनासाठी एक तळ पुरे होता आणि तो मान प्रयागला मिळाला.

त्या मानाची खरी परीक्षा ऑक्टोबर १९३४ मध्ये झाली. व्हिक्टोरिया प्रांताच्या शताब्दीनिमित्त इंग्लंडच्या मिल्डनहॉलपासून मेलबर्नपर्यंत विमानांची शर्यत लागली, ती मॅकरॉबर्टसन शर्यत म्हणून ओळखली जाते. सर्व स्पर्धकांनी उतरलेच पाहिजे असे पाच थांबे ठरले होते : बगदाद, अलाहाबाद, सिंगापूर, डार्विन आणि शार्लव्हिल. अर्ध्या जगाच्या शर्यतीतल्या पाच सक्तीच्या थांब्यांपैकी एक आपल्या त्रिस्थळीतला. स्कॉट आणि कॅम्पबेल ब्लॅक या जोडीने लाल रंगाचे ‘कॉमेट’ बगदादहून थेट अलाहाबादला आणले आणि तीन दिवसांच्या आत मेलबर्न गाठून शर्यत जिंकली. दुसरे आलेले के. एल. एम.चे ‘उइव्हर’ प्रवासी आणि टपाल घेऊन उडत होते, आणि मला ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचे वाटते. साधे प्रवासी विमान शर्यतीच्या विमानामागोमाग पोचू शकते, हे त्याने जगाला दाखवून दिले. जिम आणि एमी मॉलिसन हे नामवंत दांपत्य बगदादपर्यंत सर्वांच्या पुढे होते. भारतात रात्री त्यांची वाट चुकली, ते जबलपूरला उतरले, तिथे विमानाच्या दर्जाचे इंधन नव्हते. मिळाले ते पेट्रोल भरून अलाहाबाद गाठेपर्यंत इंजिने निकामी झाली आणि त्यांची शर्यत बमरौलीला संपली. योग्य इंधन, दिवे, हवामानाची खबर आणि वाट सांगणारा माणूस जमिनीवर नसेल तर वरचे कौशल्य अपुरे पडते, याचा हा धडा होता.

आणि पुढे याच गोष्टीचे शिक्षण देणारी संस्था त्याच बमरौलीला उभी राहिली. १९४८ साली तिथे नागरी विमान प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. विमान वाहतूक नियंत्रक, दळणवळण आणि दिशादर्शन यंत्रणा सांभाळणारे अधिकारी तिथे तयार होतात. देशातल्या कोणत्याही मनोऱ्यावरून वैमानिकाला उतरण्याची परवानगी देणाऱ्या आवाजामागे बमरौलीच्या वर्गात शिकलेला माणूस असण्याची शक्यता मोठी. वैमानिकाचे नाव होते, नियंत्रकाचे होत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. याच अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबात प्रेम माथुर शिकल्या. १९४७ साली त्यांना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अनेक कंपन्यांनी नकार दिल्यावर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने त्यांना काम दिले आणि १९४९ ची राष्ट्रीय हवाई शर्यत त्यांनी जिंकली.

१९५३ च्या कायद्याने आठ खासगी विमान कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या आणि १ ऑगस्ट १९५३ पासून देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आली. बाबतपूरचा उदय याच इंडियन एअरलाइन्सच्या काळातला. काशीच्या वायव्येला, जौनपूर-लखनौच्या वाटेवर, घाटापासून पंचवीस किलोमीटरच्या आसपास असलेली ही जागा शेतांच्या मधली, सपाट. गंगेच्या काठाला काशीत मोकळी जमीन कुठे होती? घाट, गल्ली आणि वाडे यांनी नदीचा एक काठ पूर्ण भरलेला आणि पलीकडचा रेतीचा, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. धावपट्टीला गावाबाहेर जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या काळातली विमाने आठवणारी माणसे अजून आहेत. डकोटा गेले आणि फॉकर फ्रेंडशिप आले. इंडियन एअरलाइन्सने ते १९६१ पासून घेतले. त्याचे पंख वरच्या बाजूला, खिडक्या मोठ्या अंडाकृती, त्यामुळे प्रत्येक प्रवाशाला खालची जमीन मोकळी दिसे. त्याच्या जोडीला होते ॲव्हरो, आणि ॲव्हरो आपल्याच प्रदेशात बनत असे. कानपूरच्या चकेरीला हवाई दलाने १९६० साली विमाने बनवण्याचा डेपो उभारला. एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांच्या पुढाकाराने तिथे ॲव्हरो ७४८ ची जुळणी झाली आणि पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. त्याचे नाव ‘सुब्रतो’. हवाई दलासाठी सुरू झालेले हे विमान इंडियन एअरलाइन्सनेही घेतले. हे काम पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूर विभागात गेले.

खऱ्या अर्थाने बाबतपूरला नाव मिळाले ते दिल्ली, आग्रा, खजुराहो, वाराणसी या पर्यटनमार्गामुळे. परदेशी प्रवासी ताजमहाल पाहून खजुराहोची शिल्पे पाहत, तिथून काशीला येत आणि पुढे काठमांडूला जात. इंडियन एअरलाइन्सच्या वेळापत्रकातली ही साखळी कित्येक वर्षे टिकली. तिचा परिणाम आपल्या घाटांवरही झाला. पहाटे नावेतून पंचगंगेपर्यंत येणारे परदेशी पाहुणे, मल्लाहांनी शिकलेले इंग्रजी-फ्रेंचचे चार शब्द आणि कार्तिकात आकाशदिव्यांची छायाचित्रे घेणारे लोक या मार्गाने वाढले. बांबूच्या टोकाला वेताच्या टोपलीत पितरांसाठी लावलेला आकाशदिवा हे पंचगंगेचे फार जुने व्रत. ते जगाच्या नजरेला आणण्यात त्या काळच्या विमानांचा वाटा आहे. पुढे १९८०च्या दशकात याच घाटावर कार्तिक पौर्णिमेच्या देवदिवाळीला आजचे रूप येऊ लागले, आणि आता त्या रात्रीच्या आधीच्या दिवसांत बाबतपूरला विमानात जागा मिळणे कठीण होते.

एक गंभीर प्रसंगही या विमानतळाच्या नावावर आहे. २० डिसेंबर १९७८ रोजी कलकत्त्याहून लखनौमार्गे दिल्लीला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ दोघा तरुणांनी पळवले आणि ते वाराणसीला उतरवायला लावले. इंदिरा गांधी तेव्हा तुरुंगात होत्या, त्यांची सुटका ही अपहरणकर्त्यांची मागणी होती. विमानात सव्वाशेवर माणसे होती. रात्रभर वाटाघाटी चालल्या, दुसऱ्या दिवशी ते शरण आले, आणि त्यांच्या हातातली पिस्तुले खेळण्यातली असल्याचे उघड झाले. थंडीत, धुक्यात, अपुऱ्या सोयींच्या त्या विमानतळावर एक रात्र अडकलेल्या प्रवाशांचे काय झाले असेल? देशात विमानतळांवरच्या झडतीची पद्धत पुढे कडक होत गेली. तिच्यामागे असे कितीतरी प्रसंग आहेत. त्यातला एक आपल्या दाराशी घडला.

फॉकरच्या दिवसांतली एक मराठी आठवण इथे नोंदवायला हवी, जरी ती काशीची नसली. कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी १९८५ साली कलकत्ता-सिलचर मार्गावर फॉकर फ्रेंडशिप नेले तेव्हा त्या विमानाचा सारा चमू स्त्रियांचा होता, त्यांच्यासोबत निवेदिता भसीन सहवैमानिक होत्या. अलाहाबादला प्रेम माथुरांनी परवाना मिळवल्यापासून या घटनेपर्यंत अडतीस वर्षे गेली. पूर्व भारतातल्या याच फॉकरच्या ताफ्यावर हे घडले, म्हणून आपल्या मुलींना सांगताना दोन्ही नावे एकत्र सांगावीत.

१९९४ साली विमान महामंडळ कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना रीतसर दारे उघडली. १ एप्रिल १९९५ रोजी भारतीय विमानपत्तन प्राधिकरण स्थापन झाले आणि बाबतपूर त्याच्या कारभाराखाली आले. यानंतरची दहा वर्षे मंद होती. दिल्लीची विमाने होती, काठमांडूचे येणे-जाणे होते, पण मुंबई-पुण्याचा सामान्य यात्रेकरू अजून रेल्वेनेच येत होता. विमान त्याच्या खिशाबाहेरचे होते. बदल झाला तो स्वस्त तिकिटांच्या कंपन्या आल्यावर, म्हणजे २००३ नंतर. हळूहळू त्या काशीलाही उतरू लागल्या.

ऑक्टोबर २००५ मध्ये विमानतळाला लालबहादूर शास्त्रींचे नाव दिले गेले. शास्त्रीजी जन्मले मुगलसरायला, २ ऑक्टोबर १९०४ रोजी. शिकले काशी विद्यापीठात. विमानतळाला दिलेली नावे पुष्कळदा दूरची असतात, हे नाव मातीतले आहे आणि मला त्याचा आनंद वाटतो. २०१० साली नवी टर्मिनल इमारत सुरू झाली. २०१२ च्या ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. बँकॉकपासून शारजापर्यंत थेट विमाने वेगवेगळ्या काळात इथून गेली-आली. थायलंड, श्रीलंका, म्यानमार इथले बौद्ध यात्रेकरू सारनाथ आणि बोधगया एका फेरीत करतात. गयेचा विमानतळ मुख्यतः त्यांच्यावरच चालतो. त्रिस्थळीतली तिसरी जागा अशी विमानाच्या नकाशावर आली. पितृश्राद्धाची गया आणि बुद्धाची गया एकाच धावपट्टीला जोडल्या गेल्या, हे नारायणभट्टांना पाहता आले असते तर त्यांनी त्यावर नक्की एक प्रकरण लिहिले असते, असे मला वाटते.

पूर्वांचलात हीच रीत पुढेही दिसते. कुशीनगरचा विमानतळ २० ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला तेव्हा श्रीलंकेहून भिक्षूंना घेऊन विमान उतरले. अयोध्येचा विमानतळ ३० डिसेंबर २०२३ रोजी उघडला. प्रयागची नवी टर्मिनल इमारत २०१९ च्या कुंभाआधी, १६ डिसेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिन्ही ठिकाणी कारण एकच आहे, यात्रा. म्हणून काशीच्या विमानतळाचा इतिहास मी तीर्थाच्या इतिहासातच मोडतो.

काशीकरांना विमानतळ खऱ्या अर्थाने जवळ आला तो रस्त्यामुळे. पूर्वी बाबतपूरहून गावात यायला जो वेळ लागे, त्यात दिल्लीहून आणखी एक फेरी झाली असती. बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर, बाजारांचे चौक यांतून वाट काढावी लागे. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी १७.२५ किलोमीटरचा चौपदरी रस्ता खुला झाला, खर्च ८१३ कोटी रुपयांच्या घरात. मग १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले आणि यात्रेकरूंचा ओघ इतका वाढला की तो आपल्या गल्लीतही जाणवतो. मुंबई आणि पुण्याहून आता थेट विमाने आहेत. सकाळी पुण्यात चहा घेतलेली माणसे संध्याकाळी बिंदुमाधवाच्या आरतीला उभी असतात. २०२४-२५ मध्ये बाबतपूरच्या प्रवाशांची संख्या ४० लाखांच्या घरात गेली.

या वाढीबरोबर दोन गोष्टी अशा झाल्या ज्यांत काशी देशात पुढे होती. १ डिसेंबर २०२२ रोजी चेहरा ओळखून प्रवेश देणारी ‘डिजियात्रा’ ही सोय देशात पहिल्यांदा सुरू झाली ती तीन विमानतळांवर : दिल्ली, बंगळूरु आणि वाराणसी. त्याच वर्षी जूनमध्ये इथे हिंदी-इंग्रजीबरोबर संस्कृतमधून सूचना ऐकू येऊ लागल्या. वेदपाठशाळांच्या या नगरीत विमानातून उतरताच संस्कृत कानी पडावे, यात मला औचित्य दिसते. मराठी सूचनांचा विचारही व्हावा. इथे उतरणाऱ्यांत महाराष्ट्रातले वयस्क यात्रेकरू किती असतात, हे रांगेत उभे राहिल्यावर कुणालाही कळेल.

आपल्या वस्तीत काय बदलले, ते तीर्थोपाध्यांच्या घरी विचारावे. पूर्वी यजमान आठ-दहा दिवस मुक्कामाला असे, पंचतीर्थी करी, पंचक्रोशी करी, प्रयाग आणि गया उरकून पुन्हा काशीला येई. आता यजमान दोन रात्रींचा असतो, परतीचे तिकीट खिशात घेऊन येतो आणि पहिला प्रश्न विचारतो तो विमानाच्या वेळेचा. विधी त्या वेळेत बसवावा लागतो. पण दुसरी बाजूही आहे. आई-वडिलांच्या अस्थी घेऊन मुलगा मृत्यूनंतर काही दिवसांतच काशीत पोचू शकतो. परदेशातून आलेली मुलगी मुंबईत उतरून दुसऱ्या दिवशी इथे असते. जे आयुष्यात एकदा जमे, ते आता पुनःपुन्हा जमते, आणि गुडघे दुखणारी आजी, जी रेल्वेच्या दीर्घ प्रवासाला घाबरे, तीही येते. कुणी म्हणतील, यात्रेतले कष्ट गेले तर यात्रा राहिली कुठे? मला तसे वाटत नाही. बहुजन समाजातल्या कित्येक घरांतली पहिलीच पिढी आज काशीला पोचते आहे, कारण कामावरून दोन दिवसांची रजा त्यांना मिळते, पंधरा दिवसांची मिळत नाही. त्यांच्या घरी परतल्यावर मावंदे होते आणि गंगेचे पाणी देवघरात जाते.

पुढची योजना मोठी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ जून २०२४ रोजी २,८६९.६५ कोटी रुपयांच्या विस्ताराला मंजुरी दिली आणि २० ऑक्टोबर २०२४ रोजी पायाभरणी झाली. ७५,००० चौरस मीटरची नवी टर्मिनल इमारत, वर्षाला ६० लाख प्रवाशांची तिची क्षमता, आणि सध्याची २,७४५ मीटरची धावपट्टी ४,०७५ मीटरपर्यंत. एवढ्या लांबीवर मोठी रुंद विमाने उतरू शकतात. म्हणजे दूरदेशीच्या काशीकराला दिल्लीत विमान बदलावे लागणार नाही, अशी शक्यता तयार होते. लखनौचा राष्ट्रीय महामार्ग वाढीव धावपट्टीच्या आड येतो. तो धावपट्टीखालून बोगद्याने नेण्याची योजना आहे. वरून विमान आणि खालून ट्रक, असा तो प्रकार असेल.

या विस्तारासाठी पिंडरा तहसिलीतल्या आसपासच्या गावांची जमीन जाते आहे. गव्हाची, भाताची, भाजीची जमीन. काशीयात्रा सुखाची होण्यासाठी ज्यांचे शेत गेले, त्यांना मोबदला वेळेवर आणि पुरता मिळावा आणि नव्या इमारतीत रोजगाराचा पहिला हक्क त्यांच्या मुलांचा असावा. अठराव्या शतकात घाट बांधताना कुणाची नावा लावायची जागा गेली, त्याची नोंद कुठे सापडत नाही. आपण तरी ही नोंद ठेवू या.

धुक्याचाही प्रश्न आहे. पौष-माघात गंगेच्या मैदानावर उतरणारे धुके सकाळी दहा-अकरापर्यंत हलत नाही आणि त्या काळात विमाने उशिरा येतात, दुसरीकडे वळवली जातात, रद्द होतात. माघस्नानाचे आणि यात्रेचे दिवस नेमके तेच. कमी दृश्यमानतेत उतरता यावे अशी अधिक सक्षम उपकरणे नव्या धावपट्टीबरोबर बसली तर यात्रेकरूंचे मोठे हाल वाचतील. महाराष्ट्रातून येणाऱ्यांना माझे सांगणे असे, की डिसेंबर-जानेवारीत शक्यतो दुपारचे विमान घ्यावे आणि श्राद्धविधीचा दिवस उतरण्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवावा.

शेवटच्या टप्प्याचे मात्र अजून कुणी पाहिलेले नाही. बाबतपूरहून मैदागिनपर्यंत गाडी येते. छावणी स्टेशनपासून गोदौलियापर्यंत पावणेचार किलोमीटरच्या आसपासच्या रोपवेची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली आहे आणि त्याने मधली गर्दी हलकी होईल. पण गोदौलिया किंवा मैदागिनपासून पंचगंगेपर्यंत, गल्ल्यांतून आणि मग बिंदुमाधवाच्या पायऱ्यांवरून, वयस्क माणसाला आजही कुणाचा तरी हात धरूनच यावे लागते. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळते, घाटावर मिळत नाही. वस्तीतल्या तरुणांनी यात्रेच्या हंगामात मैदागिनला थांबून वृद्ध मराठी यात्रेकरूंना आणण्याची पाळी लावावी, विमानांच्या वेळा त्यांच्या फोनवर असतातच, आणि या कामाची सुरुवात येत्या कार्तिकातच करावी, असा प्रस्ताव मी या लेखाबरोबर मांडत आहे.